काकू उठली का?

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांची नावं काकू, बापू, तात्या आणि मामी अशी होती. ती ऑफिस सांभाळणाऱ्या शकीला आपांनी ठेवलेली. नवीन जालन्यात स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची बियाण्याची कंपनी आहे. पुढच्या बाजूला ऑफिस, बाजूला गोदाम आणि अंगण ओलांडलं की मागच्या कोपऱ्यात प्रयोगशाळा. तिथे मी तेव्हाही काम करायचे, आजही करते. कंपनीने कॉम्प्युटर एकमेकांना वायरींनी जोडले तेव्हा त्यांना नुसते नंबर दिले होते. आपांनी ते नंबर आठवडाभर सहन केले. मग एका सकाळी साहेबांना म्हणाल्या, "नंबर कैद्यांना असतो. ज्यांच्या घरात रोज जायचं त्यांना नाव नको का?"

त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर बापू. गोदामातला तात्या, कारण तो सतत धुळीत बसून खोकल्यासारखा आवाज करायचा. साहेबांच्या केबिनमधली मामी. आणि माझ्या प्रयोगशाळेतली काकू. काकूच का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तिला सगळं माहीत असतं, पण आपणहून बोलत न्हाई. जाऊन विचारावं लागतं."

या नावांनी एकदा मोठी गंमत झाली. आष्टीचे एक दुकानदार साहेबांची वाट बघत आपांच्या टेबलासमोर बसले होते. आपा फोनवर गोदामात कोणाशी तरी बोलत होत्या. "काकू सकाळपासून बंद हाय. लई हाका मारल्या, उत्तरच न्हाई. वैशालीला पाठवलंय बघायला." वैशाली म्हणजे मी. दुकानदार हळूच उठून उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. आपांनी फोन ठेवल्यावर दबक्या आवाजात म्हणाले, "वाईट झालं. वय काय व्हतं हो?"

आपांची नजर पडद्यावरच होती. "सात वर्षं," त्या म्हणाल्या. आणि पुढचं टाइप करू लागल्या.

आपा मूळच्या टायपिस्ट. शाळा उर्दू, घरात बोली उर्दू, पण लग्नाआधी त्यांनी टायपिंगच्या क्लासला जाऊन मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. सुती साडी, डोक्यावरून पदर, चष्म्याला मागे काळी दोरी. टाइप करताना खाली बघायची सवय नव्हती, आणि बोटं अजून जुन्या लोखंडी मशीनवर असल्यासारखी पडायची. त्यांच्या कीबोर्डवरची सगळी अक्षरं पार पुसून गेली होती. हे त्यांना माहीतच नव्हतं. एक दिवस मला त्यांच्या टेबलावरून एक पत्र टाइप करायचं होतं. मी म्हणाले, "आपा, यावर एकही अक्षर दिसत नाही." त्यांनी बहुधा वर्षांनंतर पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, कवा गेली ही?"

कॉम्प्युटरसाठी स्क्रिप्ट लिहिण्याकडे त्या वळल्या त्या गुडघ्यांमुळे. प्रयोगशाळेत आम्ही बियाणं ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवतो, शंभरातलं किती उगवलं ते मोजतो आणि प्रत्येक लॉटचा निकाल फाईलमध्ये भरतो. लॉट म्हणजे एकाच वेळी तयार झालेल्या बियाण्याचा गठ्ठा. तो पास असेल तरच गोदामातून बाहेर पडतो. ही फाईल आणायला आपा दिवसातून चार-पाच वेळा पेनड्राइव्ह मुठीत धरून अंगण ओलांडायच्या. मधे तीन पायऱ्या. एका उन्हाळ्यात गुडघे सुजले, तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितलं की दोन कॉम्प्युटर वायरीने जोडलेले असतील तर एकाला दुसऱ्याच्या फोल्डरमधली फाईल आपली आपण आणता येते, फक्त तसं लिहून ठेवावं लागतं.

त्या दिवसापासून आपांनी ते शिकायला घेतलं. इंटरनेटवरून वाचायच्या, न समजलेलं वहीत उतरवायच्या. एक लांब हिरवं रजिस्टर होतं. त्यात प्रत्येक ओळ आधी शाईच्या पेनाने लिहायची, समोर उर्दूत अर्थ लिहायचा आणि मगच टाइप करायची. मला समजावताना म्हणायच्या, "स्क्रिप्ट म्हणजे चिठ्ठी. मी इथं नसले तरी बापू वाचणार आन् तसं करणार. ह्या दोन तिरक्या रेघा म्हणजे रस्ता. मंग घराचं नाव, काकू. मंग खोलीचं नाव, म्हंजे फोल्डर. मंग डब्याचं, म्हंजे फाईल. एक जरी नाव चुकलं, तर बापू गल्लीत उभा राहतो येड्यासारखा."

पहिल्यांदा ती चिठ्ठी चालली तो दिवस मला आठवतो. मी काकूवर निकाल भरून ठेवला होता. दहा मिनिटांनी आपा धापा टाकत तिन्ही पायऱ्या चढून आल्या.

"वैशाली, हरभऱ्याच्या तिसऱ्या लॉटला किती?"

मी आकडा सांगितला.

"बराबर! तिकडं आलाय!" आणि मटकन स्टुलावर बसल्या. "मी तिथंच बसून व्हते, हात बी न्हाई लावला, आन् आला!"

आनंद इतका की पुढचा महिनाभर त्या फाईल बरोबर आली का हे बघायला रोज अंगण ओलांडून यायच्या. मी म्हणायचे, आपा, गुडघ्यांसाठी केलं ना हे? त्या म्हणायच्या, "ते खरं हाय. पण चहा तुझ्याकडंच बरा मिळतो." चहा त्या बशीत ओतून, डोळे मिटून प्यायच्या.

मग ते अंगवळणी पडलं. सकाळी नऊ वाजता बापू आपोआप काकूकडे जायचा, रात्रीपर्यंत भरलेला निकाल घेऊन यायचा आणि गोदामातल्या तात्याकडे पोचवायचा. गोदामवाले तो बघून माल काढायचे. आपांचा सकाळचा पहिला फोन मला असायचा. "काकू उठली का?" म्हणजे, तुझा कॉम्प्युटर चालू केलास का.

कुठल्या फोल्डरला हात लावायचा आणि कुठल्या नाही, याबद्दल त्या फार काटेकोर होत्या. सगळ्यांचे पासवर्ड त्यांच्याकडे असत, तरी ज्याने जो फोल्डर सगळ्यांसाठी उघडा ठेवला असेल तेवढ्यातच त्या जायच्या. आमचे देशमुख साहेब तसे भले गृहस्थ, पण एकदा त्यांच्या डोक्यात शिरलं की गोदामातला माणूस दुसऱ्या कंपनीत अर्ज करतोय. त्यांनी आपांना केबिनमध्ये बोलावलं. मी अहवाल द्यायला तिथेच उभी होते.

"आपा, तुम्ही तात्यात जाऊ शकता ना? त्याच्या खाजगी फाईली रोज गुपचूप इकडं येतील असं काहीतरी लिहा."

आपांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "लिहिते की साहेब. तुमचा हुकूम. फक्त पहिली ओळ मी माझ्या मनाची टाकणार."

"कोणती?"

"चिठ्ठी आत शिरली की तात्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात येईल, 'देशमुख साहेबांच्या सांगण्यावरून शकीला तुमच्या फाईली बघून राह्यली.' एवढं आलं की मंग बाकीचं काम करंल."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "राहू द्या," म्हणाले. आपा "जी" म्हणून बाहेर आल्या. पदराने कपाळ पुसलं. त्यांना आणखी बरीच वर्षं नोकरी करायची होती, आणि साहेबांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. मला म्हणाल्या, "त्या माणसाला इचारायचं सोडून त्याची फाईल इचारतेत. कामून?"

आता जे सांगायचं आहे ते आपांच्या चुकीबद्दल. त्यांनीच ते इतक्या वेळा उघडपणे सांगितलं आहे की मी लपवणं त्यांना आवडणार नाही.

दिवाळी होऊन गेली होती, हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस. एका जुन्या लॉटची आम्ही विक्रीआधी पुन्हा तपासणी केली. उन्हाळ्यात तो पास झाला होता, पण आता शंभरात साठच्या आसपासच उगवला. मी संध्याकाळी काकूवर त्याच्यासमोर 'नापास' भरलं आणि घरी गेले. जाण्याआधी टेबल झाडून घेतलं, भिंतीपासून थोडं पुढे ओढलं. त्यात काकूची वायर मागून निसटली. मला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आपांचा फोन आला, "काकू उठली का?" मी म्हणाले, उठली. ती चालू होतीच. पण वायर सुटलेली असल्याने बापू तिच्यापर्यंत पोचलाच नाही. गोदामात कालचीच फाईल राहिली, त्यात तो लॉट पासच होता. दुपारी जेवणाचा डबा धुवायला मी बाहेर आले, तर गोदामाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं. तोच लॉट, चाळीस बॅगा, वडीगोद्री. गाडी सकाळीच गेली होती.

मी पळत आपांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. चार इंग्रजी शब्दांची ओळ होती.

"हे बघ. 'चूक झाली तर तसाच पुढं चल.' मीच टाकलंय."

"कशाला, आपा?"

"पहिल्यांदी काकू बंद असली की पडद्यावर रोज चौकट यायची, चूक झाली म्हणून. सगळे वैतागायचे. मंग मीच म्हणलं, गप बस आन् पुढं चल. बसला ना गप."

"पण वायर माझ्याकडून निघाली."

"वायर निघतीच गं. निघाली हे सांगणं माझ्या चिठ्ठीचं काम व्हतं."

त्या उठून थेट केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी वडीगोद्रीच्या दुकानदाराला फोन लावला. छत्तीस बॅगा दुकानातच होत्या. पण चार बॅगा गाडी उतरताउतरता एक शेतकरी घेऊन गेला होता. ट्रॅक्टर आधीच ठरवलेला, म्हणून घाईत होता. त्याचा फोन लागत नव्हता. साहेब म्हणाले, "माणूस पाठवतो. आणि आपा, वर कळवताना नेटवर्क बंद होतं असं लिहू. ते खोटं बी नाही."

"नेटवर्क बंद व्हतं हे खरं हाय," आपा म्हणाल्या. "पण माझ्या स्क्रिप्टनं ते दाबलं, हे बी खरं हाय. दोन्ही लिहा. आन् माणूस कशाला, मीच जाते."

कंपनीची जीप निघाली. मागे चांगल्या लॉटच्या चार बॅगा, पुढे ड्रायव्हर, मधे आपा आणि मी.  अंबडपर्यंत त्या मांडीवर बोटं आपटत होत्या, टाइप केल्यासारखी. मग एकदम म्हणाल्या, "चार बॅगा म्हणजे चार एकर. एका घराचा सगळा हरभरा."

वडीगोद्रीत दुकानदाराने शेताचा रस्ता दाखवला. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले असतील. ट्रॅक्टर बांधाला उभा होता. पेरणीयंत्राच्या पेटीत एक बाई दुसरी बॅग ओतायच्या बेतात होती, तोंड कापून बॅग खांद्यावर घेतलेली. आपा जीप थांबायच्या आतच ओरडल्या, "ताई, ओतू नका! थांबा!" आणि ढेकळांतून, साडी एका हाताने वर धरून, चालत सुटल्या. गुडघे दुखणाऱ्या बाईला मी तसं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

बाईंचं नाव सुमनबाई. त्यांचे मिस्टर अंकुशराव ट्रॅक्टरवरून उतरले. आपांनी सगळं सांगितलं, काही न गाळता.

अंकुशरावांचा चेहरा उतरला, मग तापला. "एक एकर पेरून झालंय मॅडम. तासभर आधी येता आलं न्हाई? मोठी कंपनी म्हणता आन् नापास बियाणं घालता आमच्या रानात?"

"तुमचं बराबर हाय भाऊ."

सुमनबाई म्हणाल्या, "अहो, मशीनची चूक झाली असंल. त्यात ह्या बाई काय करतेल?"

तिथे आपांना सुटायला जागा होती. मला वाटलं, घेतील. त्या म्हणाल्या, "मशीनची न्हाई, ताई. मशीनला मीच सांगून ठेवलं व्हतं, काही बिघडलं तर बोलू नको म्हणून. ते ऐकलं त्यानं."

अंकुशराव पेरलेल्या रानात गेले. मग खाली बसून मातीत बोट घालून एक दाणा काढला, चोळला, परत ठेवला. "साठ उगवंल म्हणता?"

"साठच्या आसपास. लॅबवाली माझ्यासंगं हाय, तिला इचारा."

मी मान हलवली.

"मंग मोडत न्हाई हे. येऊ द्या वर. नांगे भरून घेऊ." नांगे भरणं म्हणजे जिथे उगवलं नाही तिथे हाताने पुन्हा बी टोबणं. "पण त्याला माणसं लागतेत."

"दोन मी आणते," आपा म्हणाल्या. "कवा येऊ?"

अंकुशरावांना ते बोलण्यापुरतं वाटलं असावं. त्यांनी दहाव्या दिवशी या म्हणून सांगितलं, आणि आमच्या देखत चांगल्या बॅगा उतरवून घेतल्या. उरलेलं रान अंधार पडायच्या आत पेरून होणार होतं.

ऑफिसात आपांना मेमो मिळाला. त्यांनी तो घडी न करता रजिस्टरच्या पहिल्या पानावर डिंकाने चिकटवला. ती चार शब्दांची ओळ लाल शाईने खोडली. मग चार दिवस बसून चिठ्ठी नव्याने लिहिली. आता बापू आधी काकूला हाक मारायचा. उत्तर आलं नाही तर तिथेच थांबायचा. आणलेल्या फाईलवर आजची तारीख नसेल तर तात्याच्या पडद्यावर लाल पट्टी यायची, 'काकू भेटली नाही, माल काढू नका', आणि आपांनी येऊन पाहिल्याशिवाय ती पट्टी जायची नाही. पहिल्याच आठवड्यात ती दोनदा आली. गोदामवाले कुरकुरले. आपा समाधानाने म्हणाल्या, "कुरकुर करा. पण वाचा."

दहाव्या दिवशी रविवार होता. मला वाटलं होतं, आपा विसरतील किंवा गुडघ्यांचं कारण येईल. सकाळी साडेसातला त्या बसस्टँडवर उभ्या होत्या, हातात डबा आणि पायात नवऱ्याचे कापडी बूट. आम्ही एसटीने वडीगोद्रीला गेलो. आम्हाला बांधावर बघून अंकुशरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. सुमनबाईंनी दोघींच्या ओट्यांत भिजवलेला हरभरा घातला.

रान हिरवं झालं होतं, पण मधे मधे रिकाम्या जागा. प्रयोगशाळेत मी जे आकड्यात लिहिते ते असं पसरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. आपांनी कधी शेतात काम केलेलं नव्हतं. त्या बसून बसून सरकत होत्या, दोन बोटांनी खड्डा करायच्या, दोन दाणे टाकायच्या, माती लोटायच्या. बोटं कशी पडतात हे बघून सुमनबाई हसायला लागल्या. "आपा, माती हाय ती, इतकं ठोकू नका! बी घाबरंल." मॅडमची आपा कधी झाली होती कोणास ठाऊक.

दुपारी बाभळीखाली भाकरी, ठेचा आणि आपांच्या डब्यातली खिचडी अशी वाटून खाल्ली. अंकुशरावांनी तिथे पहिल्यांदा विचारलं, "ते तुमचं कॉम्प्युटरचं काय झालं, सुधारलं का?" आपांनी काडी घेऊन मातीत दोन तिरक्या रेघा काढल्या आणि बापू, काकू, तात्या सगळं समजावून सांगितलं. अंकुशरावांनी लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे आता काकू न्हाई भेटली तर बापू बोंब मारतो."

"बिलकुल!" आपा म्हणाल्या.

माघात एका सकाळी वडीगोद्रीच्या गाडीबरोबर ओल्या हरभऱ्याच्या डहाळ्यांची मोठी पेंढी ऑफिसात आली. हिरवे, टपोरे घाटे. वर कागद, 'आपांना व लॅबवालीला.' सगळं ऑफिस टेबलाभोवती उभं राहून घाटे सोलत होतं, देशमुख साहेबसुद्धा. आपा फक्त एकच ओरडत होत्या, "कीबोर्डवर टरफलं पाडू नका!"

पुढे काही वर्षांनी कंपनीने नवी यंत्रणा आणली. सगळं आता दूर कुठेतरी साठवलं जातं आणि कुठूनही दिसतं. बापूने काकूकडे जायची गरज उरली नाही. आपांना वाईट वाटेल म्हणून त्यांना सांगायला कोणी धजत नव्हतं. त्यांनी स्वतःच बसून नवी यंत्रणा महिनाभर तपासली, तारीख चुकीची असेल तर ती बोलते का हे तीनदा बघितलं आणि मग एका दुपारी आपल्या हाताने सगळ्या चिठ्ठ्या बंद केल्या. "लई वर्षं केलं बिचाऱ्यांनी," एवढंच म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला. हिरवं रजिस्टर मला दिलं. सहा महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या, आणि त्याच वर्षी दोघं नवरा-बायको मुलीकडे नांदेडला राहायला गेली.

निवृत्तीनंतर, नांदेडला जाण्याआधी, त्या मला एकदाच दिसल्या. सकाळची वेळ होती. मी कामावर निघाले होते. शाळेच्या मोकळ्या मैदानावर एक स्कूटी गोल गोल फिरत होती. त्यावर आपा. पदर कमरेला खोचलेला, पाठ ताठ, दोन्ही हातांच्या मुठी पांढऱ्या पडलेल्या. त्यांचे मिस्टर मैदानाच्या मधोमध उभे राहून हात हलवत काहीतरी ओरडत होते. मी कुंपणाशी थांबून हाक मारली, "आपा!"

त्यांनी वळून पाहिलं. स्कूटी डगमगली, सावरली. चेहरा असा फुलला की मला चाळीस वर्षांपूर्वीची टायपिंगच्या क्लासमधली मुलगी दिसल्यासारखं झालं.

"वैशाली!" त्या माझ्यासमोरून जाता जाता ओरडल्या. "चालवता येऊन राह्यलं गं! फक्त थांबता येत न्हाई अजून!"

आणि हसत हसत पुढच्या वळणाला गेल्या.